कैलासपतीखालची शिवलीला

सकाळी निघालो तेव्हा काम साधं होतं. कोल्हापूरनं कैलासपतीच्या झाडाला शहराचं मानचिन्ह केलं होतं, आणि गावाबाहेरच्या शिवारातलं एक जुनं झाड मुळांसकट उचलून चौकात लावायचं होतं. ते जगेल का, एवढंच मी सांगायचं. उभा जन्म वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेला, तरी 'जगेल' म्हणताना अजून माझी जीभ अडखळते.

झाड बहरलं होतं. कैलासपतीची फुलं खोडालाच फुटतात. गुलाबी, मांसल, आणि वास इतका गोड की घशात बसतो. खाली म्हाताऱ्या शिवगंगाअव्वा बसल्या होत्या. शेत त्यांचंच.

"माजी लेक हाय हितं," त्या म्हणाल्या. "शिवलीला. ल्हानपणीच गेली. आमच्या लिंगायतात पुरताना निजवत न्हाईत पावणं, बसवत्यात. डाव्या हातात लिंग दिऊन. तिला उठवू नगा."

जेसीबीवरून जोतीराम ओरडला, "सर, झाडाला ॲडमिशन द्यायची का न्हाय, सांगा की! डिझेल जळतंय."

'नको' म्हणायला माझ्याकडं पुरावा नव्हता, 'काढा' म्हणायला धीर नव्हता. म्हणून मी मधलंच काहीतरी बोललो.

"एका बाजूनं थोडं उकरू... फक्त मुळं बघू."

अव्वा उठून बांधावर जाऊन बसल्या.

कमरेएवढं खोल गेल्यावर जोतीरामनं आपणहून इंजिन बंद केलं. फुलांचा वास एकाएकी नाहीसा झाला होता. मुळांच्या जाळ्यात एक पोकळी होती, मांडी घालून बसलेल्या पोरीच्या आकाराची. मुळं तिच्या पाठीवरून, खांद्यांवरून वळत गेलेली. डाव्या हाताच्या जागी मुळांचाच तळवा झालेला. आत काहीच नव्हतं.

"हाडं विरतात..." मी पुटपुटलो. "इतक्या वर्षांत, या मातीत..."

"आन् लिंग?" जोतीरामचा आवाज पार खाली आला होता. "त्ये दगडाचं असतंय, सर."

मी वाकून आत हात घातला. माती कोमट होती. नुकतंच कुणी उठून गेल्यावर अंथरूण असतं, तशी.

अव्वा काठी टेकत आल्या. खड्ड्यात त्यांनी पाहिलंच नाही. त्या माझ्या पाठीमागं बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत रडू नव्हतं.

"उठली..." त्या कुजबुजल्या. "पावणं, जरा सरका. तिला वाट द्या."

मी सरकलो. ती माझ्या डावीकडं उभी होती की उजवीकडं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.