उजव्या पायाची लाल चिंधी

कुंडलिका नदीच्या कोरड्या पात्रात एक माणूस डोळे मिटून उभा होता, आणि द्वारकाची घोडी थेट त्याच्यावर चालून गेली.

"ओ! झोपलात का उभ्या उभ्या?" लगाम खेचत ती ओरडली.

त्याने डोळे उघडले, पण जागचा हलला नाही. "हिने एक ठोका खाल्ला."

"काय?"

"दुडकीत टापांचे दोन ठोके पडतात. धावेत तीन. दोनातून तिनात जाताना मधला एक गळाला... पुन्हा धावेत काढता का? मोजायचंय."

त्या गळालेल्या ठोक्यापायी द्वारका तीन महिने रडकुंडीला आली होती. तिचे वडील रखमाजी निजामाच्या रिसाल्यातले दफेदार. घोड्यावरून पडून कंबर गेल्यापासून ते बाजेवरून हुकूम सोडत, आणि घोडी फिरवायची द्वारका. संक्रांतीनंतर फौजेचा अधिकारी या घोडीला, शेवंतीला, खरेदीसाठी बघायला येणार होता. दुडकीतून धावेत ती लोण्यासारखी गेली पाहिजे, ही त्याची अट.

"घोडी पास झाली तर औंदा तुझं लगीन न्हाई," रखमाजी म्हणाले होते. "पुढची घोडी तयार करायला मला तूच लागशील. न्हाई झाली, तर जाफराबादच्या स्थळाला होकार कळवतो."

एक वर्ष. याहून जास्त मागायचा धीर द्वारकाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस दाराशी उभा! कन्हैयालाल. जुन्या जालन्यातल्या कापडवाल्या मारवाड्यांचा मुलगा, घरच्यांशी भांडून सलोतरी झालेला. म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. शेवंतीच्या तब्येतीचा दाखला फौजेला त्यानेच लिहून द्यायचा होता.

"घरचं कापड मोजायचं सोडून टापा मोजता व्हय, शेठ?"

"कापड गप पडून राहतं, द्वारकाबाई. त्यात शोधायचं काय?"

त्याने खिशातून लाल चिंधी काढली आणि शेवंतीच्या मागच्या उजव्या पायाला बांधली. "डावीकडे वळून धाव घ्यायची तर पहिला रेटा हा पाय देतो. तो टेकायच्या आधी इशारा दिला तर फुकट, नंतर दिला तरी फुकट. मी सांगतो तेव्हा."

मग रोज सकाळी घरामागच्या वावरात ती गोल फिरायची आणि तो मध्ये उभा राहून चिंधीकडे बघायचा. आधी शेवंतीला किंचित आवरायचं, श्वास सोडायचा, आणि त्याचं "आता!" ऐकलं की टाच... कधी लवकर, कधी उशिरा. बाजेवरून रखमाजींच्या शिव्या. चौदाव्या दिवशी मात्र दुडकी कधी संपली आणि धाव कधी लागली, हे द्वारकाला कळलंच नाही. पाणी उताराला लागावं तशी शेवंती निघाली. द्वारका हसतच सुटली.

"शेठ, पायाशिवाय दुसरं काही दिसतं का न्हाई तुम्हाला?"

"दिसतं ना..." त्याने मान खाली घातली. "पण ते मोजता येत नाही."

तिचे कान तापले. तो मारवाड्यांचा, ती दफेदाराची. बोलण्यासारखं पुढे काही नव्हतंच.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तो आला. त्याने शेवंतीचा तो पाय वर दुमडून धरला, मनात साठपर्यंत मोजलं, सोडला आणि म्हणाला, "चालवा."

शेवंती चार पावलं उघड उघड लंगडली.

"चिंधी रोज थोडी खाली झुलत होती," तो म्हणाला. "पाय पुरता उचलत नाही ती. सांध्यात हाड वाढतंय. आपल्याला वाटलं, चुकते. ती चुकत नव्हती, द्वारकाबाई. तिला दुखत होतं."

तीन महिने आपण पाय दुखत असताना तिला टाच मारत होतो! द्वारका शेवंतीच्या मानेला डोकं टेकून उभी राहिली.

"मग काल कशी गेली बिनचूक?"

"तुमचं वजन नेमक्या क्षणी हलतं, म्हणून निभावते. अधिकाऱ्याला दिसणार नाही. मी... मी नाही लिहीत हे. एक वर्ष तर मिळेल."

त्याचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. तिलाही हो म्हणायचं होतं. जीभ उचललीच होती तिने.

"आणि फौजेतला जड गडी बसल्यावर?"

त्याने शेवंतीच्या पायाकडे पाहिलं.

"पाय जाईल. मंग गोळी घालतील हिला." तिने वाकून चिंधी सोडली आणि त्याच्या हातात दिली. "खोटं लिहिलं तर वरीसभर तुम्ही माझ्याकडं बघू शकणार न्हाई. असलं वरीस घेऊन मी काय करू? लिहा, शेठ. बराबर हाय तेच लिहा."

त्याने लिहिलं. अधिकारी आलाच नाही. रखमाजींनी दोन दिवस तोंड फिरवून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी जाफराबादला माणूस धाडला. शेवंती तेवढी गोठ्यात राहिली, नाल काढलेली.

फाल्गुनात मामांनी जाफराबादला जायला बैलगाडी जुंपली. मळवट भरलेली द्वारका मागे बसली होती. कुंडलिकेच्या पात्रात गाडी उतरली, आणि पलीकडच्या काठावर तो दिसला... डोळे मिटून, ठोके मोजत उभा. मुठीतून लाल टोक लोंबत होतं.

बैल दुडक्या चालीत होते. मामांनी चाबूक उचलला.

"मामा, पळवू नका ना."

"का गं? जल्दी पोचायचं हाय, वऱ्हाड खोळंबलंय."

"हाय त्याच चालीनं जाऊ द्या," द्वारका म्हणाली. "पात्र संपेस्तोवर."