ढगाळ दिवसाची काच

"गॉगल उलटा घातलायस," मी म्हटलं.

आरशासमोर उभा असलेला तो मुलगा दचकून वळला. नाकासाठी ठेवलेली खाच कपाळावर, आणि खाली बिचारं नाक पार चेपलेलं! मला हसू आवरेना.

"मला वाटलं, यंदा अशीच फॅशन आहे," तो म्हणाला, आणि स्वतःही हसला. डाव्या गालावर खळी पडली... एकच.

हा राविरी. डोंगराच्या पायथ्याशी, ओहाकुने गावात, त्याच्या घरची गाजरांची शेती. आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंना, हुरिया आँटींना, गाजरांची पिशवी द्यायला म्हणून आला, आणि बाहेर गारांचा पाऊस सुरू झाला म्हणून रेंगाळला. मी, नायो, तिथे त्या हिवाळ्यापुरती. स्की, बूट, गॉगल भाड्याने द्यायचे, विकायचे, आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठायचा. हिवाळ्याच्या मागे धावणारे आम्ही पुष्कळजण आहोत. इथला, पृथ्वीच्या दक्षिण टोकाचा, बर्फ वितळला की जपान, तिथला वितळला की परत इकडे. घर असं कुठेच नाही. जपानच्या एका डोंगरावरून मला यंदाही बोलावणं आलं होतं. महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं, आणि 'नाही' म्हणायला मला काही कारणच नव्हतं.

"डोंगरावर जायचंय का तुला?" मी विचारलं.

"शाळा सोडल्यापासून गेलो नाही. पण आता जावंसं वाटतंय." माझ्याकडे बघत तो म्हणाला, "आत्ताच वाटायला लागलंय."

काउंटरमागे आँटी मुद्दाम खोकल्या.

"हे बघ," मी घाईघाईने काचा पुढे केल्या. "लख्ख उन्हाला गडद काच. ढग उतरले की गुलाबी. ढगात बर्फावर सावलीच पडत नाही, त्यामुळे खड्डा कुठे न् उंचवटा कुठे, काही कळत नाही. गुलाबीतून जरा उठून दिसतं. आपल्या डोंगराचा काही भरवसा नाही. गुलाबीच घे."

"गुलाबी? भाऊ मला शेतावर जगू देणार नाहीत!" त्याने आरशासारखी चमकणारी गडद निळी काच डोळ्यांवर चढवली. "कसा दिसतो?"

खरं सांगू? दृष्ट लागण्यासारखा दिसत होता.

"बरा दिसतोस," मी म्हटलं. "आणि एक लक्षात ठेव — आतल्या बाजूने कधी पुसायचा नाही. हातमोज्याने तर मुळीच नाही. आतला लेप गेला की वाफ धरते."

"नाही पुसणार. शपथ!"

मग काय, रोज काहीतरी निमित्त. पट्टा सैल झालाय, पट्टा घट्ट झालाय, पट्टा हेल्मेटच्या आतून घ्यायचा की बाहेरून... आणि दर खेपेला गाजरं.

"डोळ्यांना चांगली असतात," तो म्हणायचा. "तुला जरा कमीच दिसतं."

"काय दिसत नाही मला?"

"समोरचं."

"अगं, काय ते एकदा ठरवा बाई," आँटी वैतागल्या. "गाजराचं सूप, गाजराचा केक... केशरी व्हायची वेळ आली माझ्यावर!"

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघं वर गेलो. आकाश कसं निळंशार! तारेवरून डोंगर चढणाऱ्या पाळण्यात खांद्याला खांदा लागत होता, पायांखालून बर्फ सरकत होता, आणि मला वाटत होतं, हा पाळणा असाच चालत राहावा...

"जपानचं काय ठरलं?" त्याने विचारलं.

"उद्या कळवायचंय."

"हं," तो म्हणाला. बस्स. एवढंच!

इतका राग आला मला. 'जाऊ नकोस' राहू दे, निदान 'अरेरे' तरी म्हणावं माणसाने!

वर पोचलो आणि ढग उतरला. बघता बघता डोंगर गेला, आकाश गेलं, आमचे पायसुद्धा गेले. सगळं पांढरं, मऊ, मुकं. उभं राहिलं तरी तरंगल्यासारखं वाटत होतं. कुठेतरी धप्पकन आवाज झाला. पाहते तर राविरी बर्फात बसलेला, आणि गॉगल काढून हातमोज्याने आतून पुसतोय!

"अरे ए! काय करतोयस?"

"बर्फ गेला आत..." त्याने जीभ चावली. पण व्हायचं ते झालंच. काचेवर वाफ धरली आणि तिथल्या तिथे गोठली.

मी माझा गुलाबी काचेचा गॉगल त्याला दिला आणि डोळ्यांना वारा झोंबू नये म्हणून त्याचा मी घातला.

"आणि तू?"

"हा उतार माझ्या पायाखालचा आहे. उताराच्या कडेचे खांब दिसतायत ना? एका खांबावरून दुसऱ्यावर, हळू हळू जा. आणि बोलत राहा. मी तुझ्या आवाजामागे येते. गप्प बसलास की वाट चुकलेच मी."

तो बोलायला लागला. काळ्या मातीबद्दल, गाजरं चोरणाऱ्या कुत्र्याबद्दल, ट्रॅक्टरच्या टायरबद्दल. मला काहीच दिसत नव्हतं. होता तो फक्त आवाज, पुढे कुठेतरी, उबदार... मी त्याच्यामागून स्वप्नात चालल्यासारखी घसरत होते.

मग आवाज थांबला.

"राविरी! बोल ना!"

"संपलं सगळं."

"काहीही बोल!"

मग — "पाळण्यात मला 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं."

मी आवाजाच्या रोखाने घसरत राहिले.

"पण मी इथून हलणारा माणूस नाही. तुला थांब म्हणायचा मला काय हक्क? म्हणून गप्प बसलो. डावीकडे वळ, खांब आलाय. मला तू फार आवडतेस, नायो. पुढे बर्फ कडक आहे, जपून. सकाळी जाग आली की आधी तू आठवतेस, गाजरं नंतर..."

मी वळलेच नाही. सरळ गेले, आणि त्याच्यावर जाऊन आदळले. दोघंही बर्फात!

"लागलं का?" तो घाबरून विचारत होता. मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. तो आंधळा गॉगल मी काढून टाकला. इतक्या जवळून त्याला बघायला कुठली काच लागतेय?

"डिसेंबरात, इथल्या उन्हाळ्यात, काय असतं तुमच्या शेतावर?" मी विचारलं.

"पेरणी," तो गोंधळून म्हणाला. "ऊन. माश्या... फार माश्या."

"चालेल," मी म्हटलं, आणि त्याचे गारठलेले गाल दोन्ही हातांत धरून त्याला जवळ ओढलं.