वाळूखालच्या गुदगुल्या

आजोबांनी जन्मभर लिफ्ट तपासल्या. त्यामुळे वर जाणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे; त्यात स्वतःच्या ओठांचे कोपरेही आले. नातीने त्यांना हसताना कधी पाहिलंच नव्हतं. उद्या ती आईबाबांबरोबर कायमची दूरदेशी निघाली होती. तिने जाहीर केलं, "आजोबा हसल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

म्हणून सगळं बिऱ्हाड किल्ल्यालगतच्या किनाऱ्यावर आलं. ऊन कोवळं, पाणी गुडघाभर. बाळं वाळू खात होती, आया ती तोंडातून काढत होत्या. आधी किल्ला पाहून झाला. रखवालदाराने जाळी लावलेलं भुयार दाखवलं.

"हे थेट समुद्राला मिळतं. किल्लेदाराची पोरं यातून खेळायला जायची. एकदा गेली, ती आलीच नाहीत."

"मग मिळतं हे सांगितलं कुणी?" आजोबांनी विचारलं.

रखवालदाराने टोपी नीट केली.

खाली आल्यावर नातीने आजोबांना आडवं करून गळ्यापर्यंत वाळूत पुरलं. सुनेने त्यांच्या पोटावर बुरूज बांधला. आजी म्हणाली, "शोभतंय हो ध्यान! हे मला लग्नातच सुचायला हवं होतं."

नातीने नाकाला पीस लावून पाहिलं. माकडासारखी तोंडं केली. बेसूर गाणं म्हटलं. आजोबा आपले आभाळ तपासत पडलेले. शेवटी ती मटकन बसली. "जाऊ दे."

तेवढ्यात त्यांच्या तळव्यांना गुदगुल्या झाल्या.

सवयीप्रमाणे आजोबांनी आधी तपासणी केली. नात डोक्याशी. आजी, मुलगा, सून तिच्यामागे. पायांकडे कुणी नाही. खेकडा असेल म्हणावं, तर बोटं मऊ होती. तळवे दोन, बोटं मात्र बरीच.

आणि आजोबा हसले. आधी नाकातून, मग पोटातून. बुरूज ढासळला.

"हसले! आजी, हसले गं!" नात किनाराभर नाचत सुटली. परक्यांनीही टाळ्या वाजवल्या.

भरतीचं पाणी जवळ आलं, तसं सगळ्यांनी मिळून त्यांना उकरलं.

उजवा पाय निघाला.

डावा निघेना. अंगठा कुणीतरी मुठीत धरला होता. गर्दीत लहान मूल आपलं बोट धरतं, तसा.

"चला रे आता," आजोबा हळूच म्हणाले.

"कुणाला म्हणताय?" आजीने विचारलं.

"तुम्हालाच की."

पाय अलगद वर आला.

परतताना गाडीत नात त्यांचं बोट धरून झोपली. झोपेतही हसत होती. तिची मूठ उबदार होती.

खाली, सीटच्या अंधारात, डाव्या अंगठ्यावरची गार होती.

आजोबांनी घर येईपर्यंत पाय हलवला नाही. उगीच कुणाची झोप मोडायला नको.