बाटलीवरच्या रेघा

लाखनीच्या अलीकडे हायवेला लागून एक बंद पडलेला ढाबा आहे. मे महिन्यात तिथे आमच्या वेबसिरीजचं शूटिंग चाललं होतं. आम्ही एकूण नऊ माणसं, एक भाड्याचा ट्रक आणि पंचेचाळीस डिग्री. पाण्याचे वीस लिटरचे तीन जार रोज लागायचे आणि चार वाजेपर्यंत तिन्ही खाली व्हायचे.

माझं काम कंटिन्युइटी. म्हणजे रोज सकाळी प्रत्येक नटाचा चेहरा आणि दोन्ही हात यांचे मोबाईलवर फोटो काढायचे, म्हणजे काल डाव्या हातात असलेली बांगडी आज उजव्या हातात जात नाही. हे काम कोणी नीट केलं तर कोणालाच कळत नाही. केलं नाही तरी आमच्या प्रेक्षकांना कळत नाही.

भूषण डायरेक्टर. पुण्यात तीन वर्षं राहून त्याने एक टोपी आणली होती.

हिरोईन दीपमाला. वय तेवीस, घर जवाहरनगरजवळ, जन्मापासून सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आजार. पहिल्याच मीटिंगला तिने सिकलसेलवाल्यांना मिळतं ते लाल कार्ड टेबलावर ठेवलं होतं, नंतर कोणी फसवलं म्हणू नये म्हणून. भूषण म्हणाला, "लाल कार्ड? म्हणजे मॅच सुरू व्हायच्या आधीच मैदानाबाहेर?" आणि स्वतःच हसला. त्याच्या विनोदांना ही सोय नेहमीच लागते.

याआधी तिने दोन फिल्म केल्या होत्या. दोन्हीत ती मरते. दुसरीत तर खरंच कळ उठली होती आणि डायरेक्टरने कॅमेरा चालूच ठेवला. त्या सीनला नागपुरात बक्षीस मिळालं. डायरेक्टरला.

आमच्या सिरीजमध्ये ती ट्रक चालवणारी पोरगी होती. दहा एपिसोड.

"या टायमाले मी शेवटपर्यंत जिती हाय, अतुलदादा," ती मला म्हणाली होती. हा रोल तिला कशासाठी हवा होता ते एवढंच.

तिच्याजवळ एक स्टीलची बाटली असायची. बाहेरून नेलपॉलिशच्या लाल रेघा, एकेका तासाची एकेक. आत डोकावून ती पाणी मापायची. पाणी कमी पडलं की तिचं रक्त अडतं आणि हाडं ठणकायला लागतात, हे तिने युनिटला दोनदा समजावून सांगितलं. भूषणने यावर विचार करून नियम काढला, की शॉट चालू असताना पाणी बंद. लिपस्टिक जाते.

चौथ्या दिवशी दुपारी ती ट्रकच्या पायरीवरून खाली बसली ती उठलीच नाही. मी तिला भंडाऱ्याला नेऊन भरती केलं. सलाईन लागलं.

परत आलो तर भूषण म्हणाला, "उद्याचा दिवस पाहीन. मंग दुसरी पोरगी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दीपमाला मेकअपला बसलेली होती.

मी फोटो काढले. चेहरा तोच. हातांवर सुईचा डाग नव्हता.

"सुट्टी झाली काय तुझी?"

"कायची सुट्टी?" ती म्हणाली.

तिने त्या दिवशी बावीस टेक दिले. बसली नाही. पाणी मागितलं नाही. मेकअपवाली तुळसाताई म्हणाली, "पोरगी सुधरली वं बाई! पावडर लावली तशीच हाय सकाळपासून."

साडेतीनला मला व्हिडिओ कॉल आला. दीपमाला. मागे दवाखान्याची हिरवी भिंत, हाताला सुई.

"दादा, माह्यं काम काढलं काय त्यानं?"

मी मान वर केली. समोर दीपमाला ट्रकचं दार पुसत होती.

फोन घेऊन भूषणकडे गेलो. त्याने स्क्रीन पाहिली, ट्रककडे पाहिलं, परत स्क्रीन पाहिली. मला वाटलं, आता हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारेल.

विचारलं. "हे इथली पाणी मागते काय?"

"नाही."

"मंग तुले काय प्रॉब्लेम हाय बे?"

युनिटमध्ये कोणालाच नव्हता. जेवणाचा डबाही तिच्या वाट्याचा वाचत होता, तो कॅमेरामन ईश्वर घ्यायचा. दोन दिवसांनी त्यानेही डबा उघडणं सोडलं. मी याला उन्हाळा समजलो.

भरती झाल्याच्या पाचव्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी मिळाल्यावर दीपमाला एसटीने आली. डोक्याला ओढणी, हाताला पट्टी, काखेत बाटली. हायवे ओलांडून सावलीत उभी राहिली. तोंड घामाने निथळत होतं.

शॉट चालू होता. ट्रकमधल्या दीपमालाने हिला पाहिलं आणि हसली. मग शेजारच्या सीटवर सरकली, जागा करून दिल्यासारखी.

खाली उभी दीपमाला तिकडे गेली नाही. ती आम्हा सगळ्यांकडे पाहत होती. एकेकाकडे, सावकाश.

"दादा."

"काय?"

"अठी कोणालेच घाम नाही येऊन राहिला."

मी हसलो. मानेवर हात फिरवला. मान कोरडी होती.

"सकाळपासून पाणी पेला काय तू?"

मी जारकडे पाहिलं. एकच जार होता. झाकणावरचं सील तसंच, त्यावर धूळ. तो कधी आला ते मला आठवेना.

तिने बाटली उघडली, दोन घोट प्यायली, आत पाहिलं. पाणी दोनच्या रेघेवर होतं. मग माझ्यापुढे धरली.

"पे."

"राहू दे. तुले लागते."

"घरी दुसरी हाय. पे ना दादा."

ती रडत होती. मी बाटली हातात घेतली. एवढ्यात भूषणने हाक मारली आणि मी फोटो काढायला गेलो. वळून पाहिलं तेव्हा ती एसटीत चढत होती.

सिरीज आली. दीपमाला दहाही एपिसोड जिवंत आहे. खाली कॉमेंटमध्ये लोकांनी तिच्या तब्येतीचं कौतुक केलं आहे. खरी दीपमाला अजून महिन्याला एकदा फोन करते आणि एकच गोष्ट विचारते. मी प्यालो म्हणून सांगतो.

बाटली माझ्या टेबलावर आहे. दिवाळी होऊन गेली. पाणी दोनच्या रेघेवरच आहे.