दाराकडे तोंड असलेली खुर्ची

भाईंदर पश्चिमेच्या त्या शिवणवर्गात निकेत पहिल्यांदा आला, तो खांद्यावर जुन्या जाळ्यांचं गाठोडं घेऊन. आणि बसला नेमका गिरिजाच्या खुर्चीवर.

"ती माझी जागा आहे."

"नाव न्हाय दिसलं कुठं लिवलेलं."

"लिहीन. आधी उठा."

तो हसत उठला. जवळच्या राई गावचा कोळी; फाटक्या जाळ्यांच्या पिशव्या विणायला शिकवायला सोमवार-गुरुवार येणार होता. गिरिजा बसली, दाराकडे तोंड करून. चार वर्षं लॉजवर धंदा केला, तेव्हापासूनची सवय. कोण आत येतंय ते आधी दिसायला हवं. वर्गात हे फक्त शिकवणाऱ्या शकूताईंना माहीत होतं.

जाळी दोनदा धुतली तरी खारट वास जात नसे.

"तुमच्या हातांनाही येतो," ती एकदा म्हणाली.

"माझे हात तुझ्या नाकापाशी कधी आले?"

तिने मान खाली घालून सुई ओवली… कान मात्र तापले.

दोन महिन्यांनी तो म्हणाला, "रविवारी राईला ये ना — लेकीला घेऊन. आयशीला भेटवतो."

ती जाळ्यातलं भोक कडा ओढून घट्ट बांधू लागली.

"अगं बाय, असं नको! वढून बांधलंस तर बाजूचं फाटतं. आधी कापायचं, धड चौकडी लागेपर्यंत. भोक मोठं दिसतंय? दिसू दे. मग विणायचं."

त्याने कात्री चालवली. गिरिजा बघत राहिली. शेजारी मशिनं खडखडत होती. कुणाला ऐकू गेलं नसतं.

"मी धंद्यात होते. चार वर्षं. माझी लेक क्षितिजा तिथलीच. हे आईला सांगा… मग बोलवा."

त्याचा हात थांबला. मग त्याने उरलेलं भोक गाठ-गाठ विणून पुरं केलं आणि उठून गेला.

गुरुवारी तो आला नाही. ठीक आहे, तिने स्वतःला सांगितलं. दोन पिशव्या पूर्ण केल्या. दार उघडलं की मान मात्र वर व्हायची.

सोमवारी तो आला.

"सांगितलं आयशीला. दोन दिवस बोलली न्हाय."

"आणि तुम्ही?"

"मी पन न्हाय बोललो… कोनाशीच. खोटं कशाला सांगू?" त्याने गाठोडं सोडलं. "तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तिची पोरगी तिखट खाते का."

गिरिजा सुई शोधत राहिली. सुई हातातच होती.

तो तिच्या बाजूला बसला, खिडकीकडचा उजेड सोडून, दार दिसेल असा.

"दाराकडं मी बघतो. तू काम कर."

"नाही खात तिखट," ती म्हणाली. "सांग आईला."

आणि तिने खुर्ची वळवली. पूर्ण नाही… अर्धी.