बिनभिंतीचं दार

"मॅडम, तुम्ही भिंतीतून आत आलात."

मर्विना दचकली. भिंत म्हणावी असं आसपास काही नव्हतं. पायाखाली सिमेंटची चौकोनी फरशी, डोक्यावर आकाश, आकाशातून भुरभुर पाऊस... आणि समोर उलट्या बादलीवर बसलेला एक माणूस. वाकडे खिळे दगडावर ठेवून तो एकेक सरळ करत होता.

"कुठली भिंत?"

"आत्ता ओलांडलीत ती. आईचं कपाट होतं तिथे. दार तिकडे आहे."

दार खरंच तिकडे होतं. हिरव्या रंगाचं, चौकटीसकट ताठ उभं. त्याच्या डावीकडे वारा होता आणि उजवीकडेही वाराच होता.

मर्विनाने दहा वर्षं बेटावर पाहुणे फिरवले होते. धबधबा दुपारी बंद करतात का, असं विचारणारी माणसंही तिने हसतमुखाने सांभाळली होती. ती निमूट खाली उतरली, वळसा घालून दारापाशी गेली आणि तिने टकटक केली.

"कोण आहे?"

"मर्विना लाव्हिल. बंदराची पर्यटन कचेरी."

"दार उघडत नाही."

"मग ठोठावायला का लावलंत?"

"रीत असते."

तिने चौकटीच्या कडेने मान वाकवून आत पाहिलं. त्याने ओठांत धरलेला खिळा काढला. हसला असावा... पण त्या ओठांची सवय मोडलेली दिसत होती.

"कडी काढा ना."

"वादळ गेलं, असं मला अजून कुणी येऊन सांगितलेलं नाही."

"चार महिने झाले!"

"झाले असतील. सांगितलं नाही म्हटलं मी."

त्याचं नाव ऑल्विन. सुतार. सप्टेंबरातल्या वादळाने ग्रँ-सावान गावातली सदतीस घरं नेली. त्या घरांचे दरवाजे ज्याने बसवले होते, तो हा.

मर्विना तिथे आली होती ती पोट जाळायला. वादळानंतर फक्त एका मोठ्या जहाजाने बेटाकडे परत येण्याची तयारी दाखवली होती. एकदा येऊन पाहू, प्रवासी खूश झाले तर दर गुरुवारी येऊ, असं त्यांचं पत्र होतं. खाली एक ओळ होती : 'पूर्वीची स्थळे उपलब्ध नसल्यास सहा तासांचे पर्यायी उपक्रम कळवावेत.' धबधब्याची वाट दरडीखाली होती. गरम पाण्याचं कुंड चिखलाने भरलं होतं. पोपट दाखवायचे, तर वनखात्याच्या म्हणण्याप्रमाणे एक दिसला होता, पण तो परत दिसेल याची हमी नव्हती. जहाज आलं नाही तर कचेरीला कुलूप. मग समुद्रापलीकडे ग्वादलूपला बहिणीकडे जायचं आणि हॉटेलातल्या चादरी धुवायच्या. शाळेतला तिचा अर्धा वर्ग तिकडे चादरी धूतच होता.

रस्ता ऑल्विनच्या फरशीपाशी संपत होता, म्हणून तिची जीपही तिथेच थांबायची. निदान तिचं म्हणणं तरी तसं होतं. दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशीही आली. दर वेळी वळसा घालून दार ठोठावायची, दर वेळी ते उघडायचं नाही, आणि मग दोघं दाराच्या दोन बाजूंना टेकून बोलत बसायची.

"आज काय शोधलंत?"

"कसावाची भाकरी. पाहुण्यांनी थापायची, भाजायची, खायची."

"भट्टी वाहून गेली."

"ते आज कळलं... तुम्ही काय केलंत?"

"खिळे सरळ केले."

"किती?"

"मोजत नाही. मोजले तर ठोकावे लागतील."

मग चौकटीच्या कडेने एक हात यायचा. हातात सोललेला नारळ असायचा. बोटांना बोटं लागायची... आणि नारळ जरा जास्त वेळ दोघांच्या हातात राहायचा. शेजारच्या निळ्या ताडपत्रीखालून म्हातारी मा फिलो ओरडायची, "एह-एह! कडेला मोकळं रान पडलंय आणि ही दोघं दारातून प्रेम करतायत!"

दाराची गोष्ट तिला मा फिलोनेच सांगितली. त्या रात्री घरात मायलेक दोघंच होती. आई म्हणाली, ऑल्विन, कडी लाव. त्याने लावली आणि पाठ देऊन दार दाबून धरलं. मागून भिंत गेली. भिंतीबरोबर कपाट गेलं, आणि कपाट धरून उभी असलेली आईही गेली. वाऱ्याच्या आवाजात त्याला काहीच कळलं नाही. उजाडलं तेव्हा तो दार धरूनच उभा होता.

"आई नदीच्या तोंडाशी सापडली," मा फिलो म्हणाली. "आणि कडी... ती जशीच्या तशी होती. फार पक्कं काम करतो पोरगा."

त्यानंतर दोन दिवस मर्विना आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती कल्पना घेऊनच. गावात कुणाचं घर उभं करायचं तर कुदमें करतात. कुदमें म्हणजे सावड : सगळ्यांनी हात लावायचा, आणि घरधन्याने सगळ्यांना जेवू घालायचं. गावाने ऑल्विनला तीनदा विचारलं होतं, त्याने तीनदा नको म्हटलं होतं.

"पाहुणे तुमच्या घराचं कुदमें करतील. जहाजाला उपक्रम मिळेल, तुम्हाला घर."

पाऊस दोघांवर सारखाच पडत होता.

"तुमची नोकरी राहील?"

"राहील."

"बरं... छप्पर घाला. भिंती नकोत."

का, ते तिने विचारलं नाही. भिंती उभ्या राहिल्या की आत जायला एकच वाट उरते, आणि ती उघडावी लागते.

चूक झाली ती नंतर. मर्विना रोझो शहरात वाढलेली, शिवाय कॉलेजात शिकलेली. गड्यांचा दिवस बुडतो, म्हणून तिने पंधरा घरी पाकिटं पाठवली, आत दिवसाची मजुरी. गुरुवारी सकाळी जहाज आलं. एकवीस पाहुणे नव्याकोऱ्या हातोड्या घेऊन फरशीवर उभे राहिले. गावातलं एक माणूस फिरकलं नाही. दाराच्या पायरीवर पंधरा पाकिटं दगडाखाली ठेवलेली होती, न फोडलेली.

"मजुरी कमी झाली का?" तिने मा फिलोला विचारलं.

"आमच्या हाताला भाव लावलास, पोरी?" म्हातारी तिच्याकडे बघेना. "माझ्या नवऱ्याची शवपेटीसुद्धा कुदमेंत झाली. तेव्हा कुणी पाकीट आणलं नव्हतं."

मर्विनाच्या कानशिलांना आग लागली. "चुकले. आता काय करू?"

"हात मागायचा असतो. दारोदार जाऊन. तोंडाने."

दारं उरली नव्हती. ती ताडपत्रीतून ताडपत्रीत वाकत गेली. चिखलात एक बूट रुतला, तो तिने तिथेच सोडला. "हात द्या," ती म्हणत होती, "मला कळलं नाही, पण हात द्या." लोकांनी तिला पंधरा वेळा ऐकवलं. मग पंधरा वेळा हातोडी शोधली.

खांबांवर छप्पर चढलं. मासळीच्या रश्श्यात हिरवी केळी आणि दाशीनचे कंद शिजले, मा फिलोने ओरडून ओरडून वाढलं. एका निवृत्त दातांच्या डॉक्टरने स्वतःच्या अंगठ्यावर हातोडी मारली, आणि आयुष्यात इतकं समाधान कधी मिळालं नाही असं तो सांगत फिरला. एका बाईने, वादळाचा अस्सल तुकडा घरी नेता येईल का, अशी चौकशी केली. दारासमोर प्रत्येकाने फोटो काढला. एकाने हसत कडीला हात घातला मात्र... ऑल्विन वरून थेट खाली उतरला.

"ती नाही."

एवढंच म्हणाला. पण हातोड्या थांबल्या. मर्विनाने त्याच्या हातात खिळे दिले, आणि तो परत चढला.

बारा दिवसांनी पत्र आलं. प्रवाशांनी या उपक्रमाला सर्वोच्च पसंती दिली होती. परंतु विमेवाल्यांनी डॉक्टरचा अंगठा अपघातात मोजला होता. यापुढे जहाज शेजारच्या बेटावर थांबेल, तिथला समुद्रकिनारा शाबूत आहे, आणि आपल्या आतिथ्याबद्दल आभार.

कचेरीला कुलूप लागलं. बहिणीने शनिवारच्या बोटीचं तिकीट पाठवलं. मर्विनाने मा फिलोला निरोप धाडला, मा फिलोने तो गावभर केला. ऑल्विनकडून काहीच आलं नाही. 'थांब' म्हणायला त्याच्याकडे होतं तरी काय? एक छप्पर आणि एक बंद दार.

शनिवारी बोटीच्या दोन तास आधी ती बॅग घेऊनच वर गेली. निरोप तोंडाने द्यायचा असतो, एवढं ती आता शिकली होती.

वळणावर तिचे पाय थांबले. फरशीला भिंती होत्या. ताज्या फळ्यांच्या, चहूबाजूंनी. समोर ते हिरवं दार होतं, आणि आता त्याच्या डावी-उजवीकडे वारा नव्हता. मा फिलो ताडपत्रीखाली मासा साफ करत होती. "गेले दोन दिवस," ती वर न बघता म्हणाली, "फिरला घरोघर. हात द्या म्हणत. पहिल्यांदाच."

मर्विनाने टकटक केली.

"कोण आहे?" आवाज आतून, अगदी जवळून आला.

"मर्विना."

"बंदराची पर्यटन कचेरी?"

"कचेरी बंद झाली. नुसती मर्विना."

"काय काम होतं?"

ती पाठ करून आलेलं वाक्य विसरली. चिरेतून ओल्या लाकडाचा वास येत होता.

"सांगायला आले... वादळ गेलं, ऑल्विन."

आतून कपाळ दाराला टेकल्याचा आवाज आला.

"नक्की?"

"नक्की. पाच महिने झाले. मी बघितलंय."

आत लोखंड करकरलं. पुन्हा करकरलं. मग थांबलं.

"निघत नाही. गंजलीय."

"मग दुसरीकडून बाहेर ये."

"दुसरीकडून नाही. शेवटची फळी मीच आतून ठोकली."

तिला हसू फुटलं, आणि हसताहसता डोळे भरले. "एवढा मोठा सुतार!"

"दार उघडायचं नव्हतं तेव्हा सोपं होतं सगळं," आतला आवाज म्हणाला. मग हळूच, "मर्विना... हात दे."

तिने बॅग खाली ठेवली. खांदा दाराला लावला. आतून तो ओढत होता, बाहेरून ती रेटत होती. मधे दोन बोटं जाडीचं लाकूड, आणि त्याच्यापलीकडे त्याचं पुटपुटणं. ते तिच्यासाठी नव्हतं. "काढतोय, आई," तो म्हणत होता. "आता काढतोय."

कडी तुटली. दार उघडलं आणि मर्विना सरळ त्याच्या अंगावर गेली. कुणीच मागे सरकलं नाही. त्याच्या शर्टाला भुश्श्याचा वास होता, आणि काळीज खिळे ठोकल्यासारखं वाजत होतं.

खाली बंदरात बोटीने भोंगा दिला.

"अजून वेळ आहे," तो तिच्या केसांत म्हणाला. "धावलीस तर मिळेल."

"आणि माझा चिखलातला बूट?"

"तो मला सापडला. धुऊन ठेवलाय."

"मग आधी का नाही दिलास?"

"तू..." तो अडखळला. "तू गेली असतीस."

बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाला. नव्या पत्र्यावर त्याचा आवाज झाला, आणि दोघांनी वर पाहिलं. एकही थेंब आत आला नाही. सवयीने मर्विनाने हात मागे नेऊन दार लोटलं.

"राहू दे," ऑल्विन म्हणाला. "उघडं राहू दे."