न उघडलेला गठ्ठा

टर्रर्र...

दुपारच्या शांत घरात तेवढाच आवाज झाला. सोनिका झोपली असेल म्हणून मी जरा टेकले होते. उठून बघते तर ती पलंगामागे बसलेली. समोर पाण्याचं घमेलं, आणि हातात... ती कॉपी.

"शाळेत सांगितलं ना मम्मी, जुन्या कागदाचा नवा कागद करून आणा."

मी कॉपी काढून घेतली. सुतळीनं शिवलेली वही ती, कुठं रेघांची पानं, कुठं चौकड्यांची. सगळी कोरी. पहिलं पान मात्र आधीच फाटलेलं होतं. ते मीच फाडलं होतं.

बी.ए. संपलं, तेव्हा कॉलेजच्या कॉप्या विकायला मी स्कूटीवर कुडव्याला गेले. रस्त्यालगत टिनाच्या शेडमध्ये उमेंद्रचं रद्दीचं दुकान होतं. पहिल्यांदाच बघत होते त्याला.

"ओली आहे," गठ्ठा उचलून तो म्हणाला. "वजन वाढावं म्हणून पाणी मारलं का, मॅडम?"

"रडून राहिल्या त्या. तुमच्याकडे यायचं म्हणून."

तो हसला नाही. नुसतं बघितलं, आणि काटा बघायचा विसरला.

पांढरा कागद एकीकडे, पेपर दुसरीकडे, पुठ्ठे मागे. असा निवडून छाटलेल्या मालाला कागदाची मिल बरा भाव द्यायची, म्हणून प्रत्येक गठ्ठा तो स्वतः उघडायचा. कोरी पानं मात्र फाडून मांडीवर जमवत होता.

"ते काऊन?"

"लिहिलेलं झालं तं रद्दी. कोऱ्या पानानं कोणाचं काय बिघडवलं?"

पुढच्या महिन्यात त्यानं त्याच पानांची शिवलेली कॉपी माझ्या हातात ठेवली. "भरल्याशिवाय विकायले आणायची नाही."

मग घरचे पेपर पुरेनात. मी शेजारणींचे मागू लागले. आई म्हणाली, "एवढी सफाई तं तू दिवाळीलेही करत नाही."

पेपरच्या घडीत मी चिठ्ठी ठेवू लागले. तो रद्दीच्या भावाच्या पाटीवर, खालच्या कोपऱ्यात, खडूनं उत्तर लिहायचा. मी विचारलं, 'केस कापले का?' पुढच्या खेपेला पुठ्ठ्याच्या भावाखाली लिहिलेलं, 'कापले. पाहाले कधी येते?' फोन होता दोघांकडे... पण फोनवर माझा धीर सुटायचा. गठ्ठ्यात नाही.

एकदा नागऱ्याच्या महादेवापाशी चप्पल घालता घालता तो म्हणाला, "भूमी, तुह्या बाबांशी बोलू का?"

"लिहून सांगीन."

"बरं. गठ्ठ्याची वाट पाहतो."

त्या कॉपीचं पहिलं पान फाडून मी लिहिलं, 'हो. बोल.' पेपरच्या मधोमध ठेवलं. दुकानात गेले, तर तो मिलवाल्यांना भेटायला नागपूरला गेलेला. त्याच्या बाबांनी, यादोरावांनी, गठ्ठा ठेवून घेतला.

त्या सुमारास चीननं बाहेरची रद्दी घेणं बंद केलं होतं. ती जहाजं आपल्याकडे वळली, मिलवाल्यांना परदेशी माल स्वस्त पडू लागला, आणि कुडव्याची रद्दी कोणाला नकोशी झाली. हे पेपरात छापून आलं होतं. तो पेपर मी घडी घालून गठ्ठ्यातच ठेवला असेल, न वाचता.

पंधरा दिवसांनी गेले, तर शेडला कुलूप. पाटी पुसलेली. तो कामाला रायपूरला गेल्याचं कळलं. वाचूनही गेला, असं मला वाटलं. एक फोन करायचा होता... मी केला नाही. मानी होते. चार महिन्यांनी धनेंद्रांचं स्थळ आलं. माणूस भला. मी मान हलवली आणि आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला आले.

गेल्या आठवड्याच्या बाजारात मागून आवाज आला.

"मॅडम, पाणी मारलेली मेथी आहे ते. वजनात फसाल."

न वळताच ओळखलं. कानशिलावर थोडे पांढरे केस, बाकी तोच. सोनिकाच्या गालाला बोट लावून म्हणाला, "तुह्यावर गेली." मग हळूच, "एक विचारू? नाही म्हणायचं होतं, तं तेवढंच लिहून द्यायचं होतं. मी वाट पाहली."

"लिहिलं होतं मी. गठ्ठ्यात. तुझ्या बाबांजवळ दिला होता."

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"त्या हप्त्यात एकही गठ्ठा खोलला नाही मी, भूमी. छाटलेलं अन् न छाटलेलं, एकाच भावात चाललं होतं. जसाच्या तसा माल मिलच्या ट्रकमध्ये टाकला." मग त्यानं विचारलं, "काय लिहिलं होतं?"

सोनिकानं माझं बोट घट्ट धरलं होतं. मी मेथीची जुडी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"बरं," तो म्हणाला. पिशवी उचलली, आणि गर्दीत गेला.

आज कॉपी मी कपाटात ठेवली आणि सोनिकाला जुने पेपर दिले. तिनं ते फाडले, भिजवले, इवल्या मुठींनी कालवले. शाई सुटून पाणी काळपट झालं. ती घमेल्यात वाकून बराच वेळ बघत राहिली.

"मम्मी, कागदाचा तं पुन्हा कागद होते," ती म्हणाली. "मंग त्याच्यावर लिहिलेलं कुठं जाते?"